बॉनेटपुढचे अडीच मीटर : वाहनांना मंजुरी देणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
वाहनांच्या आराखड्यांना मंजुरी देणारे आणि रस्ते-वाहतुकीचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी

विषय : बिनरस्त्याच्या प्रदेशासाठी घडवलेल्या मोठ्या गाड्यांचा रोजच्या रस्त्यावरील वापर

महोदय, महोदया,

हे पत्र लिहिणाऱ्याचे अशा गाड्यांशी वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सर्वेक्षणाच्या कामानिमित्त मी चौदा वर्षे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी चालवली. कोरड्या नदीपात्रातून, सुट्या दगडांच्या उतारावरून, वाट म्हणावी असे काहीही नसलेल्या माळावरून ती मला सुखरूप घेऊन गेली आणि परत घेऊन आली. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, चिखलात रुतल्यावर ॲक्सिलरेटरवर राग काढायचा नाही, तीव्र उतारावर ब्रेकऐवजी खालच्या गिअरवर भिस्त ठेवायची, या गोष्टी मी त्या गाडीवरच शिकलो, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. काम संपल्यावर मी तीच गाडी घरच्या वापरासाठी ठेवली. पुढच्या तीन वर्षांत अवघड वाटेसाठीच्या लो गिअरच्या दांड्याला माझा हात एकदाच लागला, तोही त्यावरची धूळ पुसताना. माझ्या शंकेची सुरुवात तिथून झाली.

या विषयावरचा वाद आपल्यापर्यंत येतो तो बहुधा दोन आरोळ्यांच्या रूपाने. एक बाजू म्हणते, हा निव्वळ पैशाचा माज आहे. दुसरी म्हणते, माझी गाडी, माझी मर्जी, कर मी भरतो, तुम्हाला का खुपते? पहिल्या आरोळीत मत्सराचा वास येतो, आणि दुसरीत रस्ता आपल्या एकट्याचा असल्याचा समज दिसतो. कोण कशासाठी गाडी घेतो हे तपासण्याचे काम आपले नाही आणि ते आपण करूही नये. गाडीचा आकार मात्र आपण तपासू शकता. माझे म्हणणे त्या आकाराविषयीच आहे, आणि त्यातही मुख्यतः गाडीच्या तोंडाविषयी.

झाले असे, की एके दिवशी मी उभी केलेली गाडी सुरू करून पुढे घेणार, एवढ्यात पलीकडून कुणीतरी जोरात हात हलवला. मी थांबलो. बॉनेटच्या अगदी पुढ्यात एक मुलगा बुटाची नाडी बांधत बसला होता. मी सावध होतो, आरसे पाहिले होते, समोरही पाहिले होते. समोर मला रस्ता दिसत होता, पण तो कुठपासून दिसत होता, हे मात्र चौदा वर्षांत मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ते मोजले. मोजमाप हा माझा पेशाच आहे, त्यामुळे साधने हाताशी होती. माझ्या नेहमीच्या बैठकीत डोळ्यांची जमिनीपासूनची उंची सुमारे १ मीटर ६० सेंटिमीटर भरली आणि बॉनेटच्या पुढच्या कडेची १ मीटर १५. खाली बसलेल्या मुलाइतकी, म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीची काठी गाडीच्या तोंडाशी उभी करून मी ती घरातल्या माणसाकरवी हळूहळू पुढे सरकवत नेली. काठीचा शेंडा मला दिसू लागला तेव्हा ती बंपरपासून जवळजवळ अडीच मीटर लांब गेली होती. प्रत्यक्ष जमीन दिसायला पाच मीटरच्या पुढे नजर टाकावी लागत होती. मग शेजाऱ्यांची लहान गाडी मागून घेतली आणि तोच प्रयोग पुन्हा केला. तीच काठी पाऊण मीटरवर दिसली. उंच बसलो म्हणजे जास्त दिसते, हा अशा गाड्यांच्या बाजूने नेहमी केला जाणारा दावा लांबच्या दृश्यापुरता खरा आहे. पुढच्या गाडीच्या टपावरून पलीकडची वाहतूक दिसते, आणि आपल्याच गाडीच्या नाकाखालचे मूल दिसत नाही.

दिसण्याचा प्रश्न मंद वेगाचा आहे. वेग वाढला की तीच उंची दुसऱ्या रीतीने घात करते. बुटक्या बॉनेटची गाडी उभ्या माणसाला धडकते तेव्हा बंपर पायांवर बसतो आणि शरीर बॉनेटवर कलंडते. इजा होतेच, अनेकदा गंभीर होते, पण धक्क्याचा काही भाग त्या कलंडण्यात आणि बॉनेटच्या चेपण्यात जिरतो. उंच आणि उभ्या तोंडाची गाडी मात्र कंबर, पोट आणि छातीवर थेट आदळते. कलंडायला जागाच नसल्यामुळे माणूस पुढे फेकला जातो किंवा गाडीखाली ओढला जातो, आणि मुलाच्या बाबतीत हाच धक्का डोक्यावर बसतो. हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून, म्हणजे साधारण १०२ सेंटिमीटरहून उंच होती, त्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. ३० ते ४० इंचांच्या मधल्या उंचीत बॉनेट उतरते आहे की तोंड भिंतीसारखे उभे आहे, याने फरक पडत होता. ४० इंचांच्या वर गेल्यावर मात्र उताराचाही उपयोग उरत नव्हता. म्हणजे एका उंचीपलीकडे चांगली घडणही माणसाला वाचवू शकत नाही.

आता कुणी म्हणेल, खडकाळ भागात जायचे तर गाडी उंच हवीच. उंची हवी ती पोटाखाली, नाकावर नव्हे. या गाड्यांचा मूळपुरुष मानली जाणारी विलिस जीप १९४१ मध्ये युद्धासाठी तयार झाली. ती फक्त ३ मीटर ३३ सेंटिमीटर लांब आणि १ मीटर ५७ सेंटिमीटर रुंद होती, आणि वजनाला सुमारे १,१०० किलो. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेली पहिली लँड रोव्हरही अंगाने तशीच आटोपशीर होती. अवघड वाटेने जायचे असेल तर अंग चोरून जाता आले पाहिजे, हे त्या घडवणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. दोन खडकांच्या मधून निघताना रुंदीचा काय जाच होतो हे मीही भोगले आहे. त्यांच्या शेजारी अलीकडची विजेवर चालणारी हमर उभी करून पाहावी. तिचे वजन ४,००० किलोंच्या वर जाते आणि त्यातला सुमारे १,३०० किलोंचा भार एकट्या बॅटरीचा असतो, म्हणजे एका बॅटरीपुढे अख्खी जीप हलकी ठरते. या वाढीला खडकांची किंवा चिखलाची गरज कारणीभूत आहे असे मला तरी वाटत नाही.

मग ही वाढ झाली कशी? याचे उत्तर काही अंशी आपल्याच कपाटातल्या कागदांत आहे, आणि ते कटू असले तरी आपल्याला लिहिणे भाग आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने इंधन-बचतीचे निकष आले तेव्हा प्रवासी मोटारी आणि हलके ट्रक यांच्यासाठी वेगळी उद्दिष्टे ठेवण्याची वाट मोकळी झाली, आणि ट्रकांना सवलतीची पट्टी मिळाली. तेथील नियमांनुसार चारही चाकांना जोर देणारी गाडी, जमिनीपासूनची उंची आणि पुढच्या-मागच्या तिरप्या कोनांची पाचांपैकी चार मापे पूर्ण करत असेल, तर तिची गणना मोटारीत होत नाही, ती ट्रकांच्या सैल निकषांत जाते. युरोपातही बिनरस्त्याच्या गाडीचा वेगळा उपवर्ग आहे आणि तो असाच चढाईचे कोन, पोटाखालची उंची, डिफरन्शियल लॉक (चाके रुतली तर त्यांना एकाच गतीने फिरवणारी कळ) अशा गोष्टींवर ठरतो. गाडी कधी डांबराबाहेर जाणार आहे का, हे यांतले एकही माप विचारत नाही. कागदावर कोन आणि उंची मोजून सवलत मिळत असेल, तर गाडी बनवणारा ती उंची देणारच, त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाकीचे काम जाहिरातीने केले. डोंगरमाथ्यावर एकटीच उभी असलेली गाडी दाखवायची, आणि विकायची ती शाळेच्या दारात रांग लावणाऱ्याला.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. यांतल्या पुष्कळ गाड्या आतून साध्या मोटारीच असतात, खऱ्या फोर बाय फोरचा त्यांनी फक्त पेहराव चढवलेला असतो, म्हणून हा सगळा आकडा मी माझ्या तक्रारीत ओढत नाही. तरी पेहरावानेही उंची वाढतेच. ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या संघटनेच्या मोजणीप्रमाणे युरोपातल्या नव्या गाड्यांच्या बॉनेटची सरासरी उंची २०१० मधल्या ७६.९ सेंटिमीटरवरून २०२४ मध्ये ८३.८ सेंटिमीटरवर गेली. सात सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. चार वर्षांच्या मुलाच्या शेजारी मोजपट्टी धरली की वाटत नाहीत.

अशी गाडी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कारण भपका हे नसते, ते भीती हे असते, हे मी माझ्या ओळखीच्या अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. "समोरून मोठी गाडी आली तर आपण निदान जिवंत राहू," असे ते सांगतात, आणि व्यक्तीपुरते ते चुकीचे बोलत नाहीत. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतल्यांना झटका कमी बसतो, हे भौतिकशास्त्र कुणाच्या मर्जीवर चालत नाही. पण हा बचाव दुसऱ्याच्या खात्यातून काढलेला असतो. अर्थशास्त्रज्ञ मिशेल व्हाइट यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या अपघातांच्या आकडेवारीवरून असा हिशेब मांडला, की मोठ्या गाडीतल्यांचा एक जीवघेणा अपघात टळतो त्यामागे इतरांच्या वाट्याला किमान ४.३ जीवघेणे अपघात येतात. हा हिशेब कळला की प्रत्येक जण शेजाऱ्याहून मोठी गाडी शोधू लागतो, आणि या चढाओढीत पायी चालणारा व सायकलवाला यांना चढायला पायरीच नसते.

यावर उपाय नाही असे मात्र कुणी म्हणू नये, कारण एकदा तो होऊन गेला आहे. उंच गाड्यांच्या चौकटीचा पुढचा भाग लहान गाडीच्या बंपरच्या वरून आत घुसतो, हे लक्षात आल्यावर २००३ मध्ये अमेरिकेत मोटार-कंपन्यांनी आपसांत करार केला आणि धक्का शोषणारा भाग लहान गाड्यांच्या पातळीला जुळेल अशा बेताने खाली आणण्याचे मान्य केले. त्यासाठी सप्टेंबर २००९ ची मुदत ठरली. त्यानंतरच्या एसयूव्हींपासून लहान गाडीतल्या माणसांना असलेला धोका स्पष्टपणे घटला. गाड्या विकायच्या थांबल्या नाहीत, कारखाने बंद पडले नाहीत, आणि खरेदीदाराला तर काही बदलले आहे याचा पत्ताही लागला नाही. लहान गाडीतल्या माणसासाठी जे जमले, ते गाडीबाहेरच्या माणसासाठी का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

काही मुद्दे मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण कमकुवत मुद्दा आपल्याच बाजूचे नुकसान करतो. जड गाड्यांनी रस्ते उखडतात, हा त्यांतला पहिला. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळ मानाने सोळा पट होते. त्यामुळे दोन टनांच्या गाडीने एक टनाच्या गाडीपेक्षा रस्ता जास्त झिजतो हे खरे, पण भरलेल्या ट्रकपुढे दोन्ही गाड्यांचा वाटा इतका नगण्य आहे की त्यावर वाद घालणे म्हणजे वेळ दवडणे आहे. गाडी उलटण्याचा मुद्दाही आता पूर्वीइतका धारदार राहिलेला नाही. घसरणारी गाडी आपोआप सावरणारी स्थैर्य-यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ अखेरीपासून नव्या मोटारींना सक्तीची झाल्यावर ते प्रमाण बरेच खाली आले. मात्र कारखान्यातून आलेल्या गाडीला नंतर उंची वाढवणारे स्प्रिंग बसवले की गुरुत्वमध्य वर जातो आणि तो जुना धोका परत येतो. अशा फेरफाराची पुन्हा तपासणी न होता गाडी रस्त्यावर येत असेल, तर मूळ मंजुरीला काही अर्थ उरत नाही.

तीच गोष्ट पुढे बसवलेल्या लोखंडी आडण्यांची. रानात जनावर आडवे आले तर रेडिएटर वाचावा म्हणून ती आली. माझ्या गाडीलाही होती, आणि एकदा तिने मला निर्जन जागी अडकून पडण्यापासून वाचवलेही. पण बॉनेट चेपावे, बंपर दबावा यासाठी अभियंत्यांनी केलेली सारी मेहनत एक न वाकणारा नळ पुढे लावून पुसली जाते. युरोपीय संघाने २००५ मध्ये अशा आडण्यांना पादचारी-सुरक्षेच्या चाचण्या लावल्या तेव्हाच हे सर्वमान्य झाले होते. शहरात राहणाऱ्या गाडीवर ती दागिन्यासारखी मिरवते, आणि तिथे आडवे येते ते जनावर नसते.

हेडलाइटचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय नियमात मंद झोताच्या दिव्याची उंची जमिनीपासून १२० सेंटिमीटरपर्यंत चालते, अमेरिकेत ५४ इंचांपर्यंत, म्हणजे १३७ सेंटिमीटरपर्यंत. लहान मोटारीत बसलेल्याचे डोळे साधारण त्याच पातळीवर किंवा त्याखाली असतात. म्हणजे मागून येणारी गाडी डिपरवर असूनही, नियमाचा एकही शब्द न मोडता, पुढच्याचा आरसा पांढरा करून टाकू शकते. चिखलासाठीच्या जाड नक्षीच्या टायरांविषयी एवढेच, की सुट्या मातीत रुतून पकड घेणाऱ्या त्या ठोकळ्यांचा डांबराशी येणारा संपर्क कमी असतो आणि ओल्या रस्त्यावर थांबायला त्यांना जास्त अंतर लागते. ज्यांच्या गाडीत मधले डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसते त्यांनी कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावून एकदा पूर्ण वळण घेऊन पाहावे. पुढची चाके मोठ्या वर्तुळावर, मागची लहान वर्तुळावर, आणि मध्ये पिळली जाणारी यंत्रणा. गाडी अडखळत, कण्हत वळते. आपण नको तिथे आलो आहोत, हे ती स्वतःच सांगते.

पॅरिसमध्ये ४ फेब्रुवारी २०२४ रोजी नागरिकांचा कौल घेऊन जड गाड्यांचे बाहेरून येणाऱ्यांसाठीचे पार्किंग-शुल्क तिप्पट करण्यात आले. बाजूने सुमारे ५४.५ टक्के मते पडली, पण मतदान सहा टक्क्यांच्याही आत झाले. या निर्णयाचे मला कौतुक आहे, तरी त्याने माझे समाधान होत नाही. शुल्क उभ्या गाडीला लागते आणि माणूस मरतो तो चालत्या गाडीखाली. शिवाय वजन हा एकच निकष धरला, तर बॅटरीमुळे जड झालेली पण बुटक्या नाकाची गाडी दोषी ठरते, आणि वजनाच्या मर्यादेत बसणारी उभ्या तोंडाची गाडी सहज निसटते.

ज्यांना या गाड्यांची खरी गरज आहे, त्यांचा विचार मी विसरलेलो नाही. पुरात माणसे काढणारे, रस्ता नसलेल्या वस्तीत औषध नेणारे, शेतावर आणि जंगलात राबणारे, या सर्वांना गाडी हवीच आणि ती उत्तम हवी. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांना उंच आसनावर चढउतार सोपी जाते, हेही खोटे नाही. पण उंच आसन आणि उंच बॉनेट ही जुळी भावंडे नव्हेत. प्रवासी व्हॅनकडे पाहावे. तिचा चालक उंच बसतो आणि तिचे नाक आखूड व उतरते असल्याने समोरची जमीन त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जवळून दिसते. तेव्हा आसनाच्या नावाने बॉनेट उंच ठेवण्याची सबब आपण स्वीकारू नये.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही, की प्रवासी गाडीच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला कमाल उंचीची मर्यादा घालावी आणि ती नव्या आराखड्यांना ठरावीक मुदतीनंतर लागू करावी. युरोपात ८५ सेंटिमीटरची सूचना पुढे आली आहे. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण आकडा असला पाहिजे. दुसरे, चालकाच्या आसनावरून समोर किती अंतरावर किती उंचीची वस्तू दिसते, हे मंजुरीच्या वेळी मोजावे आणि इंधनाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे खरेदीदाराला दाखवावे. लंडनने १२ टनांवरील मालट्रकांसाठी चालकाला प्रत्यक्ष किती दिसते याची ताऱ्यांमध्ये श्रेणी ठरवून २०२१ पासून ती अमलात आणली आहे. ट्रकला जी पट्टी लावता येते ती मोटारीला लावणे अवघड नसावे. कॅमेरा हा त्याला पर्याय धरू नये. कॅमेरा चांगलाच, पण त्या सकाळी मी पडद्याकडे नव्हे तर काचेतून पाहत होतो, आणि बहुतेक माणसे तसेच पाहतात. तिसरे, बिनरस्त्याची गाडी म्हणून मिळणारी प्रत्येक सवलत कोनांवर नव्हे तर वापरावर द्यावी, म्हणजे ज्याला ती हवी त्याने कामाचा पुरावा द्यावा आणि घ्यावी. आडण्या, उंच स्प्रिंग आणि वरच्या पातळीचे दिवे यांच्या फेरतपासणीचा नियम तर नव्या आराखड्यांची वाट न पाहता लगेच करता येण्यासारखा आहे.

मी माझी गाडी गेल्या वर्षी डोंगरी भागात काम करणाऱ्या एका पथकाला देऊन टाकली. तिच्या लो गिअरचा दांडा आता पुन्हा रोज वापरात आहे असे ऐकतो. ६० सेंटिमीटरची काठी मात्र माझ्याकडेच आहे. आपल्या चाचणी-केंद्रात कोणत्याही दिवशी, कोणत्याही गाडीपुढे ती धरून दाखवायची माझी तयारी आहे. आपल्यापैकी कुणी स्वतः चालकाच्या जागी बसावे आणि काठी कधी दिसते ते सांगावे, एवढीच विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सर्वेक्षक